लक्षुमीच्या पाठीमागची भिंत

आमच्या घरातली लक्षुमी बानं मापानं निवडली होती. हे तो स्वतःच सांगायचा, आणि सांगताना आईकडे न बघता चुलीकडे बघायचा. जव्हारच्या राजवाड्यावर बागेला पाणी घालायच्या कामाला तो मिसरूड फुटायच्या आधीपासून होता. पुढे संस्थान गेलं, वाड्यावरची वर्दळ ओसरली आणि खोल्या आवरताना जुनं सामान नोकरमाणसांत वाटलं गेलं. कोणी आरसा उचलला, कोणी समई. बाची पाळी आली तेव्हा त्यानं दोन्ही हात फाकून दाखवले आणि म्हणाला, "एवढी रुंद तसबीर असल तं द्या." कारभाऱ्यांना हसू आलं. त्यांनी विचारलं, "अरे, देव कुठला हवा?" बा म्हणाला, "कुठला पन चालल. रुंद पायजे." भिंतीला काही तसबिरी टेकवून ठेवल्या होत्या. त्यातली वीणा घेतलेली सरस्वती अरुंद भरली, मोरावरचा कार्तिकस्वामी तिच्याहून अरुंद. लक्षुमी सगळ्यांत मोठी निघाली, म्हणून लक्षुमी आमच्याकडे आली. आमच्या जामसरपर्यंत त्यानं ती डोक्यावरून आणली. वाटेतल्या माणसांना वाटलं, हा वाड्याचं दारच काढून चालला आहे.

ही गोष्ट आम्ही बहिणी इतक्यांदा ऐकली होती की बा थांबला तर पुढचं वाक्य आम्ही सांगायचो. देव मापानं घेणारा माणूस म्हणून पाड्यावर त्याची थट्टाही भरपूर व्हायची. तो कधी चिडला नाही, आणि रुंदच का हवी होती, हे त्याला कोणी कधी विचारलं नाही. गरीब माणूस फुकट मिळतंय म्हटल्यावर मोठंच मागणार, एवढंच सगळ्यांनी धरून चाललं.

घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं. आत एकच मोठी खोली, एका अंगाला चूल, दुसऱ्या अंगाला गुरं. पहाटे मला जाग यायची ती मुसळाच्या आवाजानं. आई आणि सोमी, माझी मोठी बहीण, समोरासमोर उभ्या राहून भात कांडायच्या, आणि दोघींची मुसळं एका उखळात एकमेकींना न लागता पडायची. मग नागलीची भाकर थापल्याचा आवाज, गायीच्या गळ्यातलं लाकडी घुंगरू, बाचा खोकला. थंडीत उडदाच्या आमटीवर आई लसणीची फोडणी टाकायची तेव्हा सगळं घर शिंकायचं. या सगळ्या धुरात आणि शिंकांत लक्षुमी आतल्या मोठ्या भिंतीवर उभी असायची.

लाल लुगडं, पायाखाली कमळ, कमळाखाली पाणी. चार हात. एका बाजूला सोंडेत माळ घेतलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला दूरवर निळसर आभाळ. वाड्यावरच्या कोणा बाईनं हौसेनं तिच्या पदराच्या काठावर खरी जर शिवली होती आणि मुकुटावर टिकल्या चिकटवल्या होत्या. संध्याकाळी चुलीतला जाळ मोठा झाला की चित्रातल्या बाईचा तेवढाच भाग लकाकायचा. शेजारच्या घरातली काकी, म्हणजे बाच्या भावाची बायको, येता-जाता म्हणायची, "चार हात हायत, पन एक काम करीत नाय. अठं नुसती उभी." आई हसायची, आणि सणाच्या दिवशी पहिली भाकर मात्र तिच्यापुढे ठेवायची.

पुष्कळ वर्षांनी, मी परिचारिका झाल्यावर, मुंबईला एका प्रशिक्षणासाठी गेले होते. मोकळ्या दुपारी सगळ्याजणी संग्रहालय बघायला गेल्या, म्हणून मीही गेले. तिथे एका दालनात हीच बाई काचेआड उभी होती. तोच हत्ती, तेच पाणी. पदराला जर तेवढी नव्हती. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की इंग्रजांच्या काळात आपल्या चित्रकारांनी साहेबी तऱ्हेनं तेलरंगात देव रंगवायला घेतले, आणि मग छापखान्यातून त्यांच्या प्रती घरोघर गेल्या. मी बराच वेळ तिथे उभी राहिले. तिच्या नाकाच्या एका बाजूला सावली होती. हनुवटीखाली बारीकशी वळी होती. कोणत्या तरी खऱ्या बाईला समोर उभी करून ते तोंड रंगवलं असणार, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आमच्या देवांना असं तोंड नसतं. लग्नात घरच्या भिंतीवर जो चौक लिहितात, त्यात आमची पालघट देवी येते ती तांदळाच्या पिठाच्या दोन त्रिकोणांची, आणि तिला कोणी विचारत नाही की तुझं नाक कुठं आहे. लहानपणी मला वाटायचं, वाड्यावरच्या देवांना तोंडं असतात आणि आमच्यांना नसतात, कारण आमचे देव आम्हाला कधी समोरून भेटत नाहीत.

आता त्या भिंतीविषयी सांगायला हवं. दरवर्षी कापणी झाली की आई घर लिंपायची, वर गेरूचा हात द्यायची. सोमीला आणि मला सगळ्या भिंती मिळायच्या, ती एक सोडून. ती आई स्वतः करायची. तसबीर खाली न काढता, तिच्या चौकटीच्या कडेकडेनं बोटं फिरवत करायची. मी एकदा म्हणाले, "आये, काढून करू ना, बेस होईल." ती म्हणाली, "देवाला उठवू नये." आम्हाला ते पटलं. म्हशीलासुद्धा आपण उगाच उठवत नाही.

आमच्या लोकांत एक रीत होती, अजूनही कुठे कुठे आहे. मुलगी पसंतीच्या माणसाकडे नांदायला येते, दोघं संसार करतात, मुलं होतात, आणि लग्न मागाहून, सवडीनं लागतं. यात कोणी नाकं मुरडत नाही. पण सवड येता येता कधी म्हातारपण येतं, कधी त्याच्याही पुढचं काही येतं. आईबाचं तसंच झालं होतं. एका वर्षी पीक गेलं, मग घरातलं माणूस गेलं, मग आम्ही झालो. लग्न राहिलं ते राहिलं. आणि लग्न न लागलेल्या बाईला चौक लिहिता येत नाही. चौक लिहायचा मान सवासिणींचा. पाड्यावर कोणाचं लग्न निघालं की बाया हातात बांबूच्या काड्या घेऊन भिंतीपुढे बसायच्या आणि आई मागे बसून त्यांना तांदूळ वाटून द्यायची. तिच्या पिठासारखं पीठ कोणाचं होत नाही, असं सगळ्या म्हणायच्या. तो मान होता की टोमणा, हे मला त्या वयात कळत नव्हतं. आईला कळत असणार.

सोमीचं मोखाड्याकडच्या एका घरात जमलं. मुलगा बरा होता, बाजारात भेट झाली होती, दोघं एकमेकांकडे बघून जमिनीकडे बघत होती. त्याच हिवाळ्यात बाचा खोकला छातीत उतरला. जव्हारच्या दवाखान्यात तो काही दिवस राहिला. मग डॉक्टरांनी काकाला बाजूला घेऊन सांगितलं की याला घरी न्या, खाईल ते द्या. काकानं ते घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती भाकर थापत होती. तिनं ती भाकर पूर्ण थापली, तव्यावर टाकली, आणि मगच विचारलं, "किती दिस?"

आता घाई झाली. आईबापाचं लग्न लागल्याशिवाय लेकीचं लागत नाही. सोमीला मांडवात उभी करायची तर आधी त्याच मांडवात आई आणि बा उभे राहायला हवे होते. आणि बा तसाच गेला असता, तर आई त्याची कोण, हा प्रश्न जन्मभर अनुत्तरित राहिला असता. हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण सगळे माहीत असल्यासारखे वागत होते. काकानं मांडवाचे मेढे आणले. काकीनं लग्नाच्या दारूसाठी मोहाची फुलं वाळवली. बा अंगणात गोधडीवर पडून सूचना द्यायचा आणि खोकायचा.

रखमा धवलेरी आमच्या बाजूच्या पाड्यावरची. लग्नाची गाणी तिच्या तोंडात, आणि तिनं गायल्याशिवाय इकडची लग्नं लागत नसत. अंगानं वाळकी, आवाज मात्र डोंगरापलीकडे जाईल असा. ती भिंत बघायला आली तेव्हा दुपार होती. आमच्या घरात चौक मावेल एवढी सलग भिंत एकच होती. रखमा तिच्यासमोर उभी राहिली, लक्षुमीला वरून खाली न्याहाळलं, आणि म्हणाली, "हिला उतरवा."

आई म्हणाली, "ती भिंत नको मावशी. चुलीपाशी करू."

"चुलीपाशी चौक? धूर खायला बसवतेस का पालघटला?"

"मग माझं लगीन नको. सोमीचं त्यांच्या घरी लावा."

आई अशी बोलताना आम्ही कधी ऐकली नव्हती. सोमी तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले. काकी पुढे झाली. "तुला येड लागलाय का? त्याचे दिस किती उरलेत, आन तू कागदाच्या बायसाठी हटून बसलीस?" आई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिचं डोकं बरोबर हत्तीच्या पायाशी येत होतं. ती रडत नव्हती. भीतीनं तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला वाटलं, लक्षुमीचा कोप होईल म्हणून ती घाबरली आहे. मला तिची कीव आली आणि थोडा रागही आला, कारण मी तेव्हा शाळेत जात होते आणि चित्र म्हणजे चित्र हे मला माहीत होतं.

तेवढ्यात बाहेरून बाचा आवाज आला. "काढू दे त्यांना." मग खोकला. मग पुन्हा, "मी हाय अजून. मी असताना निघू दे."

काका त्याला धरून आत घेऊन आला आणि भिंतीसमोर बसवला. आई बाजूला झाली. काकानं आणि रखमानं मिळून तसबीर उचलली. खिळ्यावरून सुटताना तिच्यामागून माती, वाळवीची घरं आणि एक पाल खाली पडली. आणि भिंतीवर चौक होता.

गेरू न लागलेल्या, जुन्या शेणामातीच्या भिंतीवर पांढऱ्या रेघांचा चौक. कडेनं त्रिकोणांच्या माळा, वर सूर्य आणि चंद्र, एका अंगाला झाडं, दुसऱ्या अंगाला शिडी आणि फणी. खालचा एक कोपरा वाळवीनं खाल्ला होता. बाकीच्या रेघा पिवळसर झाल्या होत्या, पण मोडल्या नव्हत्या. हात नवखा होता, हे मलाही दिसत होतं. काही त्रिकोण एकमेकांवर चढले होते. चौक तसबिरीच्या चौकटीहून बोटभर लहान होता, चारी बाजूंनी.

मग काकी हळूच म्हणाली, "म्हणून याला हा रोग लागला." हे तिनं दुष्टपणानं म्हटलं नव्हतं. तिला ते खरंच तसं वाटलं. आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की तिलाही ते इतकी वर्षं वाटत आलं होतं. बा खोकला की रोज वाटलं असणार. म्हणून ती भिंत उघडी करायची नव्हती.

"कोनी लिहिला?" रखमानं विचारलं.

"मी," आई म्हणाली. "आले त्या दिशी. हा कामावर गेला होता. घरात कोनी नव्हतं, भिंत कोरी होती. माझ्या आयसचा बघितला होता, तसा लिहिला. मला वाटलं, घरात आले तं चौक पायजे."

"आन हा?" रखमानं बाच्याकडे बघितलं.

बा म्हणाला, "मी आलो तं ही बसून होती. पुसायला सांगितला. नाय पुसला." त्याला दम लागला. तो थांबला, आम्ही सगळे थांबलो. "मला पन नाय पुसवला. मग म्या हातानं मोजला, आन दुसऱ्या दिशी वाड्यावरून तेवढी तसबीर आनली."

एवढ्यांदा ऐकलेली ती गोष्ट मला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आली. कारभाऱ्यांपुढे फाकलेले ते दोन हात. रुंद पायजे. कुठला पन चालल.

रखमा भिंतीजवळ गेली, इतकी जवळ की तिचं नाक मातीला लागलं असतं. तिनं रेघांवरून बोट फिरवलं नाही, फक्त डोळे फिरवले. आई हात जोडून उभी होती. सोमीचं लग्न, बाचं राहिलेलं आयुष्य, आईचं या घरातलं स्थान, सगळं त्या म्हातारीच्या तोंडातून काय निघेल त्यावर लोंबकळत होतं. अंगणातली कोंबडी आत येऊन पडलेल्या वाळवीवर तुटून पडली, तिला कोणी हाकललं नाही.

"मधी कोनी नाय," रखमा म्हणाली.

खरंच नव्हतं. चौकाच्या मध्ये, जिथे पालघट उभी असते, तिथे भिंत कोरी होती.

"बाय कठं?" रखमानं विचारलं.

"तिला मी कशी आनू?" आई म्हणाली. "मी कोन? आंगन सारवून ठेवलं तिच्यासाठी. ये म्हनायचा मान माझा नाय."

रखमा वळली. तिनं भिंतीला टेकवलेल्या लक्षुमीकडे पाहिलं, मग काकीकडे. "देवीला बोलावली नाय तं कोपली कशी?" ती म्हणाली. "चौक लिहिला की आपन त्याच्यावर फडकं टाकतो, लगीन लागंतवर कोनी बघू नये म्हनून. हिनं पन टाकलं. फडक्याच्या जागी बाय उभी केली. याचा रोग याचा हाय, चौकाचा नाय." मग आईकडे बघून तिनं जे सांगितलं ते आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. "चौक झालेला हाय पोरी. लगीन लागायचं राहिलं होतं."

आई खाली बसली. मग ती रडली. पदर तोंडात न धरता, मोठ्यानं, लहान मुलीसारखी रडली, आणि बा तिच्याकडे बघत राहिला. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. आमच्या देखत त्यानं तिला हात लावलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

लग्नाच्या दिवशी सवासिणी आल्या. त्यांनी भिंत नवीन सारवली नाही. वाळवीनं खाल्लेला कोपरा तेवढा लिंपला, आणि त्यावर नव्या पिठानं माळ पुढे नेली. जुन्या पिवळ्या रेघेला नवी पांढरी रेघ कुठे मिळते ते स्पष्ट दिसत होतं. आईनं पीठ वाटून दिलं, नेहमीसारखं. मध्ये पालघट काढली ती काकीनं. "मीच काढनार," असं म्हणून तिनं काडी हातात घेतली आणि कोणाला जवळ येऊ दिलं नाही. रखमा गात होती. मग चौकावर फडकं टाकलं, भगतानं देवीची बोलावणी केली, आणि फडकं निघालं तेव्हा आई आणि बा हळद लावून समोर बसले होते. बाला काकानं मागून धरलं होतं. आई त्या दिवशी कशी दिसत होती हे लिहायला मी कितीदा तरी बसले, जमलं नाही. तिला त्या दिवशी कोणाची भीती नव्हती, एवढंच लिहिते. नंतर त्याच मांडवात सोमीचं लागलं. सोमी सासरी जाताना रडली, पण तिच्या लग्नात सगळे नवरीऐवजी नवरीच्या आईकडेच बघत होते, असं ती पुढे चेष्टेनं म्हणायची.

बा नागलीची रोपं लावायच्या आधी गेला. आईनं त्याचं सगळं बायकोनं करायचं ते केलं, आणि तिला कोणी काही विचारलं नाही.

लक्षुमी पुन्हा त्या भिंतीवर गेली नाही. आईनं तिला दाराजवळ, उजेडाच्या बाजूला लावली. म्हणाली, "हिनं लई दिस राखन केली, आता हिला भाईर बघू दे." आई गेल्यावर घर पडलं, त्या जागी काकाच्या नातवांनी विटांचं बांधलं. तसबीर मी मोखाड्याला माझ्याकडे आणली. कागद आता तपकिरी झाला आहे, जरीची काळी दोरी उरली आहे, काचेला तडा आहे. तोंड मात्र तसंच आहे, नाकाच्या बाजूच्या त्या सावलीसकट. घरी येणारे म्हणतात, जुनी दिसते, किंमत येईल. मी चहा ठेवते.

माझी भिंत सिमेंटची, वरून रंग दिलेली. तिच्यामागे काही नाही, हे मला पक्कं माहीत आहे, कारण खिळा मीच मारून घेतला. तरी पुसायला तसबीर उतरवली की मी आधी काच बघत नाही. आधी भिंत बघते.